चौऱ्याण्णव पानं, चौऱ्याण्णव सह्या

माझी काकू अपघात लिहायची. विमा कंपनीच्या दावे विभागात तिनं एकतीस वर्षं काढली. कुणाची गाडी खांबावर आदळली, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, कुणाचा जिना खचला, की काकू वही घेऊन हजर. समोरच्याचा जबाब लिहायचा, तो त्याला वाचून दाखवायचा आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘ऐकले, बरोबर आहे’ असं लिहून त्याची सही घ्यायची. नियम एकच. जे दिसलं आणि जे ऐकू आलं, तेवढंच लिहायचं. चालक घाबरला होता, असं लिहायचं नाही. चालकाच्या हातून किल्ली दोनदा खाली पडली, असं लिहायचं.

तिचे काही जबाब मला तोंडपाठ आहेत. ‘गाडी डावीकडून आली. खांबाला धडकली. चालक खाली उतरला. त्याने खांबाकडे पाहिले. चालक म्हणाला, हा काल इथे नव्हता.’ हे वाचून मी लहानपणी पोट धरून हसले होते आणि काकूनं मला विचारलं होतं की यात हसण्यासारखं काय आहे.

संध्याकाळी चहा घेताना ती दिवसभराचे अपघात काकाला सांगायची. काकाचं खाली रस्त्यावर कुलपं दुरुस्त करण्याचं, किल्ल्या करून देण्याचं छोटंसं दुकान आहे. काका बोलायला महाग. गिऱ्हाइकानं चार वाक्यं बोलावीत आणि काकानं मान हलवावी, असा सगळा कारभार. पण काकूचं सांगणं तो कान टवकारून ऐकायचा, आणि ते संपलं की कप खाली ठेवून म्हणायचा, “ऐकलं. बरोबर आहे.” मग दोघं हसायची. एकतीस वर्षं तोच विनोद आणि एकतीस वर्षं तेच हसणं. मी आणि बाबा वरच्या मजल्यावर राहतो. बाबा म्हणजे काकाचे थोरले भाऊ. ते हसणं ऐकू आलं की आम्ही समजायचो, सहा वाजले.

काकू निवृत्त झाली आणि तीन आठवड्यांत तिनं घरातल्या सगळ्या डब्यांना क्रमांक दिले. चौथ्या आठवड्यात डबे संपले. तेव्हा तिला वह्या-पेनांच्या दुकानाच्या वर एक पाटी दिसली : पटकथा लेखन वर्ग, दुपारी तीन ते पाच. ती तडक जिना चढून नाव घालून आली.

बाबांनी विचारलं की या वयात हे कुठलं खूळ. काकूनं उत्तर तयारच ठेवलं होतं. “भावोजी, एकतीस वर्षं मी लिहिलं आणि खाली सही दुसऱ्याची. आता एकदा तरी पडद्यावर ‘पटकथा’ असं यायला हवं आणि त्याखाली माझं नाव. आडनावासकट.” मग तिनं आम्हाला चहा विचारला आणि तो करायला विसरली. तिला हे किती मनापासून हवंय ते मला त्या न मिळालेल्या चहावरून कळलं.

वर्गाच्या सरांनी आयुष्यात अकरा पटकथा लिहिल्या होत्या. त्यातल्या तीन पडद्यापर्यंत पोचल्या आणि एकीत त्यांचं नाव चुकीचं पडलं. माणूस तरीही आनंदी होता. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं : दिसेल ते आणि ऐकू येईल तेच लिहा. बाकीचे अकरा विद्यार्थी कपाळाला आठ्या घालून बसले. त्यांना पात्रांची दुःखं लिहायची होती. काकूला मात्र माहेरी आल्यासारखं झालं. घरकामाला दिलेलं दृश्य तिनं एका पानात उतरवलं, तेव्हा सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि सांगितलं की तीस वर्षांत असं कोरडं, स्वच्छ पान त्यांनी पाहिलं नव्हतं. काकू घरी आली ती तरंगतच. त्या दिवशी तिनं भाजीत मीठ दोनदा घातलं आणि आम्ही कुणीच काही बोललो नाही.

तिनं कथाही ठरवली. एक म्हातारी बाई एका कुलूपवाल्याला बोलावते. किल्ली हरवली, दार उघडून द्या म्हणते. तो दार उघडतो. आत गेल्यावर त्याला कळतं की हे घर वीस वर्षांपूर्वी तिचं होतं, आता दुसऱ्यांचं आहे, आणि ते दुसरे कोणत्याही क्षणी परत येतील.

पटकथा टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी दातांच्या कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांचे दात बसवायचे आणि संध्याकाळी काकूची दृश्यं. ‘आत. स्वयंपाकघर. दिवस.’ हे मी इतक्यांदा टाइप केलं की प्रयोगशाळेत एका पावतीवरही तेच लिहून बसले.

सरांनी शिकवलं होतं की एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. काकू हिशेबाला पक्की. पान खरंच मिनिटात बसतं का ते बघायला तिनं रविवारी सकाळी आम्हाला वाचायला बसवलं. कुलूपवाला काका. म्हातारी बाबा, कारण बाबांनी तो भाग दुसऱ्या कुणाला देऊच दिला नाही. मी बाकीचे सगळे, दारावरच्या कुत्र्यासकट. काकू शिवणाच्या मशिनजवळ घड्याळ घेऊन बसली. बाबांनी पहिलंच वाक्य घेतलं आणि त्याआधी इतका थांबा घेतला की काकूला वाटलं ते विसरले. ते विसरले नव्हते, त्यांना भरून आलं होतं. त्या वाचनात चित्रपट चार तास दहा मिनिटांचा झाला. काकानं आपली सगळी वाक्यं मिळून दीड मिनिटात उरकली आणि एवढंच सांगितलं की या जातीचं कुलूप असं उघडत नाही. काकूनं ते दृश्य बदललं.

मग सरांनी पहिला खर्डा वाचला आणि काकूला पहिला दणका बसला. सर म्हणाले की लिहिलंय सुंदर, पण यात कुणाला काही हवंच नाहीये. म्हातारी आत जाते, बघते, बाहेर येते. घरमालक येतात, समजून घेतात. कुलूपवाला नमस्कार करून निघून जातो. “सगळे समजूतदार आहेत,” सर म्हणाले. “समजूतदार माणसांचा सिनेमा होत नाही, सभा होते.”

काकूनं दोन दिवस तीच पानं पुन्हा पुन्हा वाचली. मग तिच्या लक्षात आलं की चूक तिची नाही, नोकरीची आहे. कचेरीत लोक काय हवंय तेच घसा फोडून सांगत आणि ती तेवढंच गाळून बाकीचं लिहून घेई. माणसाला काय हवं असतं, हे तिला नव्यानं शिकायचं होतं. शिकायचं म्हणजे तिच्या लेखी छापील नमुना आलाच. तिनं तक्ता आखला : नाव. काय हवे. आड कोण येते. न मिळाल्यास काय. आणि तो घरात, गल्लीत, इस्त्रीवाल्याकडे, दूधवाल्याकडे, सगळीकडे वाटला.

आठवडाभर गल्ली वेडी झाली होती. बाबांनी जादा पानं जोडली. इस्त्रीवाल्याला समोरच्या इस्त्रीवाल्याचं दुकान बंद पडायला हवं होतं. आड कोण येते, तर त्याची बायको, कारण ती त्या समोरच्याची बहीण. मी ‘झोप’ असं लिहिलं आणि ‘आड कोण येते’ पुढे ‘काकू’. तिनं ते वाचलं आणि पुढच्या दृश्याची पानं माझ्या हातात दिली. काकानं मात्र आपल्या नावापुढे काहीच लिहिलं नाही. काकूनं विचारलं, तर म्हणाला, विचार करून सांगतो. काकूनं त्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं : प्रलंबित.

दुसरा खर्डा वेगळाच निघाला. आता म्हातारीला स्वयंपाकघराच्या दारामागची भिंत बघायची होती, जिथे तिच्या मुलाची उंची दर वर्षी रेघ मारून नोंदवलेली होती. घरमालकिणीला ती भिंत त्याच दुपारी रंगवून घ्यायची होती. आणि कुलूपवाल्याला तिथून पळायचं होतं, पण त्याची हत्यारांची पेटी म्हातारीनं पदराखाली दाबून ठेवली होती. टाइप करता करता मी हसत होते आणि मध्येच मला रडू आलं. मी काकूला तसं सांगितलं. ती म्हणाली की रडू आलं हे दिसत नाही, कुठल्या पानावर नाक पुसलंस ते सांग.

सरांनी दोन सूचना दिल्या होत्या. पहिली, लिहून पूर्ण होईपर्यंत गोष्ट कुणाला तोंडी सांगू नका. सांगून टाकली की लिहायची भूक मरते. काकूनं हे इतकं मनावर घेतलं की संध्याकाळच्या चहाला काकाला काहीच सांगेनाशी झाली, आणि पटकथा लिहून झाल्यावरही ती सवय तशीच राहिली. दुसरी सूचना अशी की शुक्रवारी मी धंद्याची बाजू शिकवणार आहे, कुणीही चुकवू नका. काकूनं नेमका तोच वर्ग चुकवला. एकतीस वर्षं कचेरीत काढलेल्या बाईला व्यवहार कोण शिकवणार, असं तिचं म्हणणं. त्या शुक्रवारी सरांनी शिकवलं की पटकथा आधी लेखक संघात नोंदवायची आणि मगच कुणाला ऐकवायची.

काकूनं न नोंदवताच ऐकवली. सरांच्या ओळखीनं एका निर्मात्यानं वेळ दिली. सोबत म्हणून मी गेले. काचेचं टेबल, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड आणि मासे नसलेली माशांची पेटी. निर्माते गळ्यात मफलर गुंडाळून बसले होते, कारण थंड हवेचं यंत्र त्यांना बंद करता येत नव्हतं. घरी आम्ही त्यांचं नाव मफलरवाले ठेवलं ते तेव्हापासून. ते फोनवर होते. हातानंच म्हणाले, वाचा.

काकूनं वाचायला सुरुवात केली, जबाब वाचतात त्याच सपाट आवाजात. पहिलं पान संपलं. तिनं ते काचेवरून पुढे सरकवलं, उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि सवयीनं म्हणाली, “इथे.” मी टेबलाखालून तिला पाय मारला. तिच्या काही लक्षात आलं नाही. पानाच्या तळाशी तिनं घरूनच लिहून आणलं होतं, ‘ऐकले, बरोबर आहे’. पान म्हटलं की तिचा हात ते लिहितोच. आणि मफलरवाल्यांनी फोन कानाला तसाच ठेवून सही ठोकली. दिवसभर सह्या करणाऱ्या माणसाचा हात विचारत नाही.

दुसरं पान, सही. तिसरं, सही. मला हसू आवरेना, म्हणून मी माशांच्या पेटीकडे बघत बसले. विसाव्या पानाला त्यांनी फोन ठेवला. चाळिसाव्याला मफलर सोडला. साठच्या पुढे तर ते स्वतःच हात पुढे करून पान मागायला लागले. एकसष्टाव्या पानावर, जिथे म्हातारीला भिंत सापडते, त्यांनी सहीशेजारी ‘वा’ असं लिहिलं. शेवटच्या पानावर काकूनं त्यांना तारीख घालायला लावली. मग सगळी पानं जुळवून पिशवीत घातली आणि सह्या नसलेली कोरी प्रत टेबलावर ठेवली. मफलरवाले म्हणाले, कळवतो.

अकरा महिने त्यांनी काही कळवलं नाही. मग एका सकाळी बाबा वर्तमानपत्र घेऊन धडाधड जिना उतरले. मफलरवाल्यांच्या नव्या चित्रपटाची बातमी होती. एक वृद्धा, एक कुलूपवाला, एक परकं घर. पटकथा : निर्मात्यांचा मेव्हणा.

काकूनं ती चौकट दोनदा वाचली. मग चष्मा काढून ठेवला आणि रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला त्या मेव्हण्याचे दात कवळीसकट पाडावेसे वाटले. आम्ही सरांना बोलावलं. सरांनी पहिला प्रश्न नोंदणीचा विचारला. काकूनं मान खाली घातली. सरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाले की मग आता आपल्या हातात काही नाही. ऐकवल्याचा पुरावाच नाही.

काका दारात उभा होता, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यानं काकूला विचारलं, “त्या माणसानं सह्या केल्यात ना?”

काकूनं वर पाहिलं. सह्या अर्थातच होत्या. सही झालेली प्रत कचेरीतच राहते, म्हणजे तिच्या कपाटात, दोऱ्यानं बांधून, क्रमांक घालून. तो पुरावा आहे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या लेखी ते नुसतं नीट काम होतं. सरांनी गठ्ठा सोडला. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, मग भराभर खालपर्यंत गेले आणि असे हसत सुटले की काकानं त्यांना पाणी आणून दिलं. हसू आवरल्यावर म्हणाले की अकरा पटकथा लिहिल्या, पण निर्मात्याकडून ‘बरोबर आहे’ हे लिहून घेणारा लेखक आजवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकू, काका आणि मी पुन्हा त्या काचेच्या टेबलापाशी. मेव्हणाही होता. मफलरवाल्यांनी स्वतःची सही चौऱ्याण्णव वेळा बघितली. एकसष्टाव्या पानावर थांबले, ‘वा’ वाचलं आणि कानापर्यंत लाल झाले. त्यांनी सांगितलं ते मला खरंच वाटलं : कोरी प्रत कुठेतरी गेली, गोष्ट मात्र डोक्यात राहिली, आणि काही महिन्यांनी त्यांना वाटलं की ती त्यांनाच सुचली. त्यांनी मेव्हण्याला सांगितली, मेव्हण्यानं लिहून काढली. मेव्हणा टेबलाकडे बघत होता. मफलरवाले म्हणाले, चूक झाली; आता असं करू, ‘कथा’ म्हणून तुमचं नाव घालतो आणि ‘पटकथा’ याचं राहू द्या.

‘कथा’ही काही कमी नव्हती. पण काकूनं नाही म्हणून मान हलवली.

“पटकथा,” ती म्हणाली. “तुम्ही प्रत्येक पानावर ‘बरोबर आहे’ म्हणून सही केली आहे. काही चुकलं होतं तर तेव्हाच सांगायचं.”

मफलरवाल्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं, मेव्हण्यानं माशांच्या पेटीकडे. पाच मिनिटांत करार बदलला. मेव्हण्याला ‘विशेष आभार’ मिळाले. कराराच्या प्रत्येक पानावर सही करून घेताना काकूनं ‘इथे’ म्हटलं आणि मफलरवाले स्वतःच हसायला लागले.

चित्रपट लागला त्या दिवशी आम्ही दुपारच्या पहिल्या खेळाला गेलो. बाबा, मी, काकू, काका आणि सर, एका रांगेत. सरांनी गळ्याला टाय लावला होता. काकाकडे सेकंद मोजायचं घड्याळ होतं. नाव किती सेकंद दिसतं ते मोजायचं ठरलं होतं. अंधार झाला. नावं सुरू झाली. छायाचित्रण, संकलन, संगीत, आणि मग काकूनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

पुढे काय घडलं त्याचा जबाब असा. नाव आलं. ते येताक्षणी मी काकूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाबांनी काकूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सरांनी पुढे वाकून पाहिलं. पडद्याचा उजेड तिच्या चष्म्यावर होता आणि खालचा ओठ हलत होता. आम्ही पुन्हा समोर पाहिलं तेव्हा पडद्यावर दिग्दर्शक आले होते.

मध्यंतरात काकूनं विचारलं, कसं दिसलं? बाबा म्हणाले, फारच सुरेख. काकूनं लगेच विचारलं की अक्षरं पांढरी होती की पिवळी. बाबांनी पांढरी सांगितली. ती पिवळी होती. मग तिनं सरांना गाठलं, मग मला. शेवटी काकाला विचारलं की सेकंद किती. काकानं घड्याळ तिच्या हातात दिलं. ते सुरूच केलेलं नव्हतं. तोही तिच्याकडेच बघत होता.

“म्हणजे माझ्या नावाला एकही साक्षीदार नाही,” काकू म्हणाली. साक्षीदार नसलेल्या घटनेला दावे विभागात काय किंमत असते, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

खेळ संपल्यावर तिनं आम्हाला बाहेर पडू दिलं नाही. पुढच्या खेळाची तिकिटं काढली आणि त्याच रांगेत बसवलं. या वेळी आम्ही मान वळवायची नाही, अशी ताकीद होती. आम्ही शाळेतल्यासारखे ताठ बसलो. पटकथा. खाली नाव. आडनावासकट. पिवळ्या अक्षरांत, चांगलं मोठं, आणि काकाच्या घड्याळाप्रमाणे साडेतीन सेकंद. बाबा हुंदके द्यायला लागले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या माणसानं मागे वळून पाहिलं. मी त्याला सांगितलं की ती इथे बसली आहे, ही, हीच.

बाहेर आल्यावर काकूनं पर्समधून पेन काढलं आणि प्रत्येकाच्या तिकिटामागे लिहून घेतलं, ‘पाहिले, बरोबर आहे’. मी सही केली. बाबांनी दोनदा केली. सरांनी शिक्का नसल्याबद्दल माफी मागितली. काका सगळ्यात शेवटी. तो भिंतीला तिकीट टेकवून बराच वेळ लिहीत होता. सहीला इतका वेळ लागत नाही, म्हणून मी मागून डोकावले. त्यानं लिहिलं होतं :

‘पाहिले, बरोबर आहे. तीन वर्षांपूर्वीच्या तक्त्यात माझा रकाना प्रलंबित आहे. काय हवे : संध्याकाळी सहाला पूर्वीसारखे सांगणे. आड कोण येते : सर. न मिळाल्यास काय : चहा नुसताच पितो.’

काकूनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, सुरुवातीपासून. तिनं काकाच्या हातातून पेन घेतलं, तिकीट त्याच भिंतीला टेकवलं, तळाशी ‘मान्य’ असं लिहिलं आणि त्याखाली स्वतःची सही केली. सहाला दहा मिनिटं कमी होती. आम्हाला तिथेच सोडून दोघं भराभर घराकडे निघाली, आणि वळण येण्याआधीच काकूनं सांगायला सुरुवात केली होती.